चाचणीला रुग्ण मिळत नाहीत? सॉफ्टवेअर घेण्याआधी लॅबवाल्याला भेटा

प्रश्न थोडक्यात असा. पुणे जिल्ह्यातलं दीडशे खाटांचं रुग्णालय. टाइप 2 मधुमेहावरच्या एका नव्या गोळीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी. बारा महिन्यांत 40 रुग्ण घ्यायचे ठरलेत, पाच महिने उलटलेत आणि रँडमाइझ झालेत, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे चाचणीच्या गटांत वाटले गेलेत, फक्त 7. स्पॉन्सर, म्हणजे चाचणीचा खर्च करणारी कंपनी, दर आठवड्याच्या कॉलवर आकडा विचारते. एका कंपनीने 'एआयवर रुग्ण शोधणारं' सॉफ्टवेअर दाखवलंय. ते घ्यावं का, की व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरून जाहिरात करावी, असं कोऑर्डिनेटर विचारतायत.

मी या कामात अठरा वर्षं आहे. आधी कोऑर्डिनेटर होते, आता तीन केंद्रांची कामं बघते. सॉफ्टवेअर सध्या घेऊ नका, असं माझं मत आहे. ते वाईट असतं म्हणून नव्हे. तुमचे रुग्ण नेमके कुठे निसटतायत हे तुम्हालाच अजून ठाऊक नाही, म्हणून. प्रश्नात 40 आणि 7 हे दोनच आकडे आहेत. मधले कुठे गेले?

आधी 7 या आकड्याचं फार मनाला लावून घेऊ नका. लुई लसान्या नावाचे अमेरिकन औषधशास्त्रज्ञ होते. त्यांच्या नावाने आमच्याकडे एक नियम सांगतात: चाचणी सुरू झाली की त्या आजाराचे रुग्ण गावातून गायब होतात आणि चाचणी संपली की परत येतात. हसू येतं, पण फीजिबिलिटीचा, म्हणजे 'इथे किती रुग्ण मिळतील' याचा फॉर्म भरताना काय होतं ते आठवा. डॉक्टर लिहितात, 'महिन्याला दोनशे मधुमेही बघतो.' बघतात, खोटं नाही. पण त्यातले किती जण इन्सुलिनवर आहेत, कितींच्या मूत्रपिंडाला धक्का बसलाय, किती जण मुलाकडे आलेत आणि दोन महिन्यांनी गावी जाणार आहेत, हे त्या फॉर्मवर कोणी विचारत नाही.

म्हणून पहिलं काम वहीचं. एक्सेल चालेल, पण वही ओपीडीत काखेत मारून नेता येते. पाच रकाने आखा: नोंदींवरून चाचणीत बसेलसा वाटलेला रुग्ण, ज्याच्याशी कुणीतरी प्रत्यक्ष बोललं तो, कन्सेंटला (संमती द्यायला) बसलेला, स्क्रीनिंगच्या तपासण्यांत उतरलेला, आणि रँडमाइझ झालेला. नाव लिहू नका, कोड लिहा. दोन आठवडे नेमाने भरा. समजा पहिल्या रकान्यात 60 आहेत आणि दुसऱ्यात 14, तर तुम्हाला रुग्ण कमी पडत नाहीयेत. ते येतायत, रक्त देतायत, गोळ्या घेऊन घरी जातायत, आणि त्यांना कुणी विचारतच नाहीये. विचारलं 50 जणांना आणि कन्सेंटला बसले पाच, तर घोडं समजावण्यात किंवा येण्याजाण्यात अडलंय. आणि कन्सेंट होऊन स्क्रीनिंगमध्ये धडाधड बाद होत असतील, तर तो प्रोटोकॉलचा, म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या अटींचा, प्रश्न आहे, त्याला कुठलंही ॲप पुरं पडणार नाही. कुठल्या अटीवर किती जण गेले याचा तक्ता करून स्पॉन्सरला पाठवा. पाच-सहा केंद्रांकडून तोच तक्ता गेला की अमेंडमेंटची, म्हणजे अटी बदलण्याची, चर्चा सुरू होते. 'रुग्ण मिळत नाहीत हो' या वाक्याने होत नाही.

माझ्या अनुभवात तुमच्या आकाराच्या रुग्णालयात गळती बहुतेक वेळा पहिल्या आणि दुसऱ्या रकान्याच्या मधे असते. तिथे लागणारं तंत्रज्ञान तुमच्या तळमजल्यावर आधीच आहे: लॅबचा कॉम्प्युटर. ओपीडीचे केसपेपर हाताने लिहिलेले असले तरी लॅबचे रिपोर्ट छापूनच येतात, म्हणजे ते कुठेतरी साठवलेले असतात. समजा तुमच्या प्रोटोकॉलला एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.5 ते 10.5, वय 18 ते 75, ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) 60 च्या वर आणि किमान तीन महिने मेटफॉर्मिनचा तोच डोस हवा आहे. पहिल्या तीन अटी लॅबच्या नोंदींवरून रोजच्या रोज चाळता येतात. त्यासाठी लॅबची प्रणाली सांभाळणारा माणूस आणि त्याचा अर्धा दिवस लागतो.

मात्र ही चाळण तुम्हाला वाटते तितकी सरळ निघणार नाही. एका ठिकाणी आमची पहिली यादी संशय यावा इतकी छोटी आली. कारण शोधायला तीन दिवस गेले. एचबीए1सीच्या रकान्यात आकडे नव्हते, मजकूर होता. मजकूर म्हणून तुलना केली की कॉम्प्युटरला 10.2 हा 7.5 पेक्षा लहान वाटतो, कारण '1' हे '7' च्या आधी येतं. दहाच्या वरचे सगळे रुग्ण, म्हणजे ज्यांची साखर सगळ्यात बेताल तेच, यादीतून गळाले होते. शिवाय काही ठिकाणी '9.1 %' असं चिन्हासकट, तर काही ठिकाणी '14 पेक्षा जास्त' असं लिहिलेलं. आधी ती साफसफाई करून घ्या.

ईजीएफआरचं आणखी वेगळं. बऱ्याच लॅब फक्त क्रिएटिनिन छापतात. ईजीएफआर वय आणि लिंग घालून सूत्राने काढावा लागतो. आणि वय? महाराष्ट्रातल्या कुठल्याही रुग्णालयाची नोंदवही उघडा, 1 जूनला जन्मलेले लोक जत्रेला जमल्यासारखे भेटतात. शाळेत घालताना गुरुजींनी टाकून दिलेली ती तारीख. दोन-तीन वर्षांच्या फरकाने काठावरचा माणूस इकडचा तिकडे होतो. म्हणून यादी काढताना मर्यादा थोडी सैल ठेवा, 60 ऐवजी 55 च्या वरचे घ्या. शेवटचा निकाल सेंट्रल लॅब देणारच आहे. चाळणीचं काम कुणी सुटू नये एवढंच.

चौथी अट औषधाची, आणि इथे लोक फसतात. फार्मसीच्या नोंदीत 'मेटफॉर्मिन' असं शोधलंत तर निम्मे रुग्ण सापडणार नाहीत, कारण बिलावर ब्रँड असतो. ग्लायकोमेट जीपी म्हणजे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, जानुमेट म्हणजे सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन. तुमच्या दुकानात खपणाऱ्या मधुमेहाच्या ब्रँडची यादी फार्मासिस्टकडून घ्या, प्रत्येकापुढे त्यात काय आहे ते लिहा. एका दुपारचं काम आहे. विकायला आलेला 'औषधं ओळखणारं इंजिन' म्हणतो ते पुष्कळदा हेच असतं. आणि कारल्याचा रस, मेथीचं चूर्ण, कुठल्याशा वैद्यांची पुडी, हे कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसतं. ते समोर बसून विचारावं लागतं, आणि तेही 'दुसरं काही औषध घेता का' असं नाही. तो प्रश्न विचारला की उत्तर 'नाही' येतं, कारण रस हे औषध नसतं. 'सकाळी उठल्यावर पोटात पहिलं काय जातं?' असं विचारा.

आता यादी हातात आली, पुढे काय? आमची यादी रात्री आठला निघायची आणि दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटशी ताडून बघितली जायची. सकाळी साडेसातला रेकॉर्ड रूममधले मामा त्या नंबरांच्या केसपेपरना एक पिवळी चिठ्ठी टाचायचे. चिठ्ठीवर एवढंच: 'संशोधन कक्ष, खोली 9, दोन मिनिटं.' आजाराचं नाव नाही, औषधाचं नाही. डॉक्टर केसपेपर उघडला की चिठ्ठी बघायचे आणि म्हणायचे, 'काका, जाताना नऊ नंबरला ताईंना भेटून जा.' बस. त्याआधी आम्ही कॉम्प्युटरवर पॉप-अप लावून पाहिला होता. ऐंशी रुग्णांच्या ओपीडीत डॉक्टर पॉप-अप न वाचता बंद करतात. मीही केला असता.

हे सगळं सुरू करण्याआधी चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीला लिहून कळवा. नोंदी चाळणं हाही रुग्णभरतीचाच भाग आहे. रुग्णांपर्यंत कसं पोचणार, जाहिरात काय करणार, हे नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार कमिटीसमोर ठेवावं लागतं. यादी बघण्याचा अधिकार पीआय (चाचणीचे प्रमुख डॉक्टर) आणि त्यांनी नेमलेल्या रुग्णालयाच्या माणसांपुरता ठेवा. स्पॉन्सरला आकडे जातील, नावं जाणार नाहीत. आता डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा 2023 चा कायदाही आहे, त्यामुळे 'मी पेन ड्राइव्हवर आणून देतो' हा प्रकार प्रेमाने पण ठामपणे बंद करा.

व्हॉट्सॲपबद्दल एक जुनं दुखणं सांगते. नवी असताना एका रुग्णालयाच्या यादीवरून मधुमेहींना सरसकट मेसेज पाठवायची कल्पना माझीच होती: 'आपल्या मधुमेहासाठी संशोधन प्रकल्प...' दुपारपर्यंत फोन सुरू झाले. निम्म्यांचा प्रश्न, 'पैसे किती देणार?' संध्याकाळी एका मुलीचा फोन आला. नंबर तिच्या सासऱ्यांचा होता, नोंदणीच्या वेळी घरातला एकच फोन म्हणून दिलेला. तिचा मधुमेह सासरी कुणाला माहीत नव्हता. ती चिडली नव्हती, हळू आवाजात बोलत होती, आणि मला ते जास्त लागलं. त्यानंतर माझ्या कुठल्याही मेसेजमध्ये आजाराचं नाव आलेलं नाही. आपल्याकडे नोंदीतला फोन हा बऱ्याचदा रुग्णाचा नसतो. मुलाचा असतो, शेजारच्यांचा असतो, कधी रिक्षावाल्याचाही असतो. म्हणून आधी कॉल. फोन उचलल्यावर 'मी अमुक रुग्णालयातून बोलतेय, शांताबाईंशी बोलायचंय' एवढंच. समोरून 'कशाबद्दल?' आलं तर 'पुढच्या भेटीबद्दल, त्यांच्याशीच बोलते.' व्हॉट्सॲप भेटीची आठवण द्यायला, रुग्णालयाचा नकाशा पाठवायला, 'उद्या उपाशीपोटी या' सांगायला उत्तम. पहिल्या ओळखीला नको. ज्या मजकुराला कमिटीची मंजुरी आहे तोच जाऊ द्या, भाषांतरासकट.

एआयचा प्रश्न बाजूला टाकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी 2024 मध्ये ट्रायलजीपीटी नावाची पद्धत मांडली. रुग्णाचा वृत्तांत वाचून तो कुठल्या चाचणीत बसेल हे ती अटीगणिक सांगते, आणि तपासणाऱ्यांचा वेळ सुमारे 40 टक्क्यांनी वाचला असं त्यांना दिसलं. पण तो वृत्तांत इंग्रजीत, टाइप केलेला, पूर्ण वाक्यांचा होता. तुमच्या केसपेपरवर काय असतं? तारीख, बीपी, आणि खाली 'सीएसटी', म्हणजे आधीचंच चालू ठेवा. आधीचं काय, ते मागच्या पानावर. मागचं पान घरी. तुमच्याकडचे डिस्चार्ज कार्ड टाइप केलेले असतील तर रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांपुरता असल्या साधनाचा उपयोग होईल, विशेषतः कर्करोग किंवा हृदयविकाराच्या चाचणीत, जिथे अटी चार पानं भरतात. तुमच्या मधुमेहाच्या ओपीडीला सध्या नाही. तरी विक्रेत्याला परत बोलवायचंच असेल तर त्याला एक परीक्षा द्या: नावं काढून टाकलेल्या, मंजुरी घेतलेल्या जुन्या नोंदी द्या आणि तुमचे 7 रँडमाइझ झालेले रुग्ण त्याच्या सॉफ्टवेअरला सापडतात का बघा. किती सापडले, आणि त्यांच्यासोबत फुकटची किती नावं आली. सोबत विचारा, माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते आणि करार संपल्यावर तिचं काय होतं. या शेवटच्या प्रश्नाला 'क्लाउडवर सुरक्षित आहे' असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

मोठ्या आकड्यांनी दिपून जाऊ नका, असं म्हणते त्याला कारण आहे. ॲपल हार्ट स्टडीने अमेरिकेत घड्याळ आणि ॲपच्या जोरावर आठ महिन्यांत 4,19,297 लोक घेतले. त्यातल्या 2,161 जणांना 'नाडी अनियमित आहे' असा इशारा गेला. म्हणजे ज्यांना खरोखर काळजी वाटायला हवी असे लोक. त्यातून डॉक्टरांशी पहिली व्हिडिओ भेट पुरी केली 945 जणांनी. बोटाच्या एका टिचकीने आत आलेला माणूस तितक्याच सहज बाहेर जातो. ॲस्पिरिनच्या डोसवरची अडॅप्टेबल चाचणी रुग्णालयांच्या संगणकीय नोंदींतून माणसं शोधून, त्यांना वेब पोर्टलवरून घेऊन झाली. 15,076 रुग्ण मिळाले. पण 325 मिलिग्रॅमच्या गटातल्या 41.6 टक्के लोकांनी मधेच डोस बदलला. दोन गटांची तुलना त्यामुळे पातळ झाली. तुमचा स्पॉन्सर आज भरतीचा आकडा विचारतोय, वर्षभराने टिकलेल्यांचा विचारेल.

उलट ब्रिटनमधली रिकव्हरी चाचणी घ्या. कोविडच्या पहिल्या लाटेत, 19 मार्च 2020 ला पहिला रुग्ण, आणि 16 जूनला डेक्सामेथासोन जीव वाचवतं हा निकाल. त्या एका तुलनेत 2,104 रुग्ण औषधावर आणि 4,321 नेहमीच्या उपचारावर. तीन महिन्यांच्या आत! तंत्रज्ञान काय वापरलं? छोटासा वेब फॉर्म, आणि पुढचा पाठपुरावा राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या आधीच असलेल्या नोंदींतून. रुग्ण वॉर्डात होतेच, नर्स-डॉक्टर तेच होते, अटी मोजक्या होत्या. डॉक्टरचं काम वाढवलं नाही, हे त्या चाचणीचं खरं यंत्र. तुमची पिवळी चिठ्ठी त्याच जातीची आहे.

आता कन्सेंट. आपल्याकडे इथे एक कॅमेरा उभा असतो. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेनंतर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून 2013 मध्ये कन्सेंटचं दृकश्राव्य चित्रीकरण आलं. 2015 मध्ये ते नव्या रेणूंच्या चाचण्यांतल्या दुर्बल गटातल्या सहभागींपुरतं ठेवलं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं ध्वनिमुद्रण पुरतं. तुमची गोळी नवा रेणू आहे, त्यामुळे तुमच्याकडच्या अशा रुग्णांना हे लागू होणार, आणि वाद नको म्हणून बरीच केंद्रं सगळ्यांचंच चित्रीकरण करतात. माणूस इथे बिचकतो. 'व्हिडिओ कशाला? कोर्टात दाखवणार का?' हा प्रश्न मी कितीदा ऐकलाय. मी कॅमेरा आधी त्यांच्याच हातात देते. 'बघा, यात तुम्ही आणि मीच दिसतो. मी सगळं नीट सांगितलं की नाही याचा हा पुरावा आहे, तुमच्या बाजूचा.' हे अगदी खरं आहे, आणि एकदा पटलं की लोक उलट कॅमेऱ्यासमोर जास्त प्रश्न विचारतात. खोलीचा पंखा बंद करून पाच सेकंद रेकॉर्ड करा आणि ऐका. सरकारी खोलीतल्या पंख्याखाली झालेला अर्ध्या तासाचा कन्सेंट मी पूर्ण वाया गेलेला पाहिलाय. दहा पानी मराठी फॉर्मआधी टॅबवर चार मिनिटांचा, चित्रं असलेला व्हिडिओ दाखवता आला तर फार फरक पडतो. पण तोही कमिटीकडून मंजूर करून घ्या, आणि त्यातलं मराठी बोलणाऱ्या माणसाचं असू द्या. 'सदर अन्वेषणात्मक उत्पादन' ऐकून आजी माझ्याकडे बघतात आणि मी डॉक्टरांकडे.

घरच्यांना वगळू नका. आमच्या भागात 'मुलाला विचारून सांगते' हा नकार नसतो. मुलगा हिंजवडीत किंवा थेट दुबईत असेल तर त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि डॉक्टरांना पाच मिनिटं बोलायला लावा. मला माहीत असलेलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भरतीचं तंत्रज्ञान हेच.

आणि येणं-जाणं. शिरूरच्या पलीकडून येणारे एक आजोबा होते, निवृत्त एसटी कंडक्टर. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून पहाटेची गाडी पकडायचे. आमची रक्त घेणारी ताई नऊला यायची. तिसऱ्या भेटीला ते म्हणाले, 'ताई, गाडी मी वेळेवर आणली, तुमचं स्टँड उघडत नाही.' चौथ्या भेटीला आलेच नाहीत. त्यानंतर आम्ही उपाशीपोटीच्या भेटींसाठी साडेसातला माणूस ठेवला, रक्त झालं की पोहे-चहा, आणि मंजूर प्रवासखर्च त्याच दिवशी यूपीआयने. आधी व्हाउचर अकाउंट्सला जायचं आणि तीन आठवड्यांनी पैसे यायचे. ही गळती वहीच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही, तिच्यासाठी सहावा रकाना आखा.

आभा क्रमांकाबद्दलही (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) विचारणा होते. रुग्ण समोर बसलेला असताना त्याच्या संमतीने दुसरीकडचे जुने रिपोर्ट मिळवायला तो कामाचा आहे. त्यातून रुग्ण हुडकून काढता येत नाहीत. सगळी व्यवस्थाच रुग्णाच्या परवानगीवर उभी आहे, आणि ते बरंच आहे. सीटीआरआयवरची, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली, तुमच्या चाचणीची नोंद मात्र आजच उघडा. लोकांच्या शंकांसाठी दिलेला फोन नंबर कुणाचा आहे, आणि तो लागतो का? एका चाचणीत तो नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा होता.

फेसबुकचं राहिलं. अर्धशिशी, त्वचेचे विकार, निरोगी स्वयंसेवक लागणाऱ्या चाचण्या, यांना जाहिरात चालते. तिथे माणूस स्वतःचा त्रास स्वतः ओळखतो. 'एचबीए1सी 7.5 ते 10.5' असा माणूस स्वतःला ओळखत नाही. तो 'शुगर आहे' म्हणून येतो, तुम्ही वीस जणांची रक्ततपासणी करता आणि दोन बसतात. करायचीच तर 'मोफत उपचार' आणि 'नवं प्रभावी औषध' हे दोन शब्दप्रयोग काढा. मोफतच्या नावाखाली आमिष दाखवल्यासारखं होतं, आणि प्रभावी आहे की नाही हेच तर शोधायचंय.

सोमवारी लॅबवाल्याला गाठा, त्याच दिवशी वही सुरू करा. दोन आठवड्यांनी पाच रकान्यांची बेरीज झाली की मला कळवा, मग त्या सॉफ्टवेअरचं कोटेशन समोर ठेवून बोलू.